सुलटं कव्हर

आमच्या तालुक्यातल्या दिवाळी अंकाचे संपादक दुकानात आले आणि म्हणाले, "तात्या, तुमच्या धंद्याचा अनुभव लिहा." मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर घरून धरून न्यायचे म्हणून. ते म्हणाले, "तुम्ही नुसतं बोला, आमचा मुलगा लिहून घेईल." ते मला पटलं नाही. धंदा मी केला, तोंड माझं, मग हात दुसऱ्याचा कशाला? म्हणून हे मीच लिहिलेलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघून घ्यावं, वाक्यांना हात लावू नये. लावला तर पुढच्या वर्षी अंक विकायला माझ्या दारात ठेवू देणार नाही, हे त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

परंड्यात एसटी स्टँडच्या समोर माझी सिनेमे भाड्यानं द्यायची लायब्ररी होती. आता त्याच गाळ्यात मुलगा मोबाईल विकतो आणि मी दारात खुर्ची टाकून बसतो. हल्लीच्या पोरांना समजावून सांगावं लागतं की पूर्वी सिनेमा उचलून घरी न्यायला लागायचा. आधी कॅसेटी होत्या, मग सीडी आली, मग डीव्हीडी. लोक सगळ्यालाच सीडी म्हणायचे. आज न्यायची, उद्या आणून द्यायची. एवढाच धंदा. पण त्यातलं खरं काम सिनेमाचं नव्हतं, पुसायचं होतं. सीडी परत यायची ती हळदीचे डाग, तेलाची बोटं आणि शेतातली धूळ घेऊन. एकीवर तर कुणीतरी चहाची कपबशी ठेवली होती. सीडी पुसायची ती मधल्या भोकापासून सरळ बाहेरच्या काठाकडं. गोल गोल पुसली की ओरखडा तिच्या वाटेनंच पडतो आणि मग ती अडकते. हे मला कुणी शिकवलं नाही, माल खराब करूनच शिकलो.

"तात्या, अटकतीया," ही तक्रार रोजची. निम्म्या वेळा सीडी चांगली असायची आणि गिऱ्हाइकाच्या मशिनीत धूळ बसलेली असायची. पण माणसाला तुझी मशिन खराब आहे म्हणणं म्हणजे तुझी सोयरीक खराब आहे म्हटल्यासारखं. म्हणून मी त्याच्या देखत सीडी ट्यूबलाइटकडं धरायचो, एक डोळा बारीक करायचो, फडकं फिरवायचो आणि तीच परत द्यायचो. "आता पळंल. लावायच्या आधी फक्त मशिनीत एक फुंकर मारा." फुंकर मारली की पळायची. नाव माझ्या फडक्याचं व्हायचं.

आता माझी पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर चाललंय.

गिऱ्हाईक विचारायचं, "कोणता चांगला हाय?" मी कधीही सांगितलं नाही. धंद्याच्या सुरवातीला एक सिनेमा मला फार आवडला होता. मी तो सगळ्यांच्या गळ्यात घातला आणि सगळे झोपले. तेव्हापासून मी सिनेमा बघणंच सोडलं. त्याऐवजी परत आणून देणाऱ्याला एकच विचारायचो, "झोप लागली का?" आवडला का म्हणून विचारलं की माणूस चारचौघांत शहाणा दिसायला बघतो आणि खोटं बोलतो. झोपेबद्दल कुणी खोटं बोलत नाही. झोप लागली नाही म्हणाला, तर त्यानं स्वतःच्या हातानं कव्हर फळीवर सुलटं लावायचं. लागली म्हणाला, तर उलटं, डोकं खाली पाय वर. नवीन गिऱ्हाईक मला न विचारता फळीकडं बघायचं. सगळे हिरो डोक्यावर उभे दिसले की समजायचं, या महिन्यात माल वाईट आलाय.

यात दोन कायदे होते. एक, मत ज्याचं त्यानं येऊन द्यायचं. "आमच्या दाजीला लई आवडला" हे चालणार नाही, दाजीला घेऊन या. आणि दुसरा, ज्यानं कव्हर लावलं त्यानंच ते फिरवायचं. दुसऱ्याला पटत नसेल तर त्यानं पहिल्याला गाठावं, वाद घालावा, कबूल करून घ्यावं. या कायद्यापायी आठवडी बाजारात लोक एकमेकांना हुडकत फिरलेले मी बघितलेत. एका सासऱ्यानं तर जावयाला कव्हर फिरवायला ईट गावाहून बोलावून घेतलं होतं. जावई आला, जेवला, आणि कव्हर न फिरवता गेला.

तर त्या वर्षी श्रावण तोंडावर आला म्हणून मी सोलापूरच्या व्यापाऱ्याकडं देवादिकांची एक मालिका सांगितली होती. पार्सल फोडलं तर आत भलताच डबा. आठ सीड्या, प्रत्येकीला वेगळं कव्हर, आणि शेवटचं सोडून प्रत्येक कव्हरवर एकच परदेशी पोरगी. कुठं छपरावर उभी, कुठं पळतेय, तोंडावर फडकं बांधलेलं. मी व्यापाऱ्याला फोन लावला.

तो हसला. म्हणाला, "चुकून आलंय तात्या, परत पाठवा. ते शाळकरी पोरांचं सुपरहिरोचं नाटक हाय, टीव्हीवरचं. पुण्याला खपतंय. परंड्यात कोन बघनार?"

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर मी डबा परत पाठवला असता. आता म्हटलं, राहू दे. परंड्यात कोण बघतं ते तुला दाखवतो.

महिनाभर कुणी हात लावला नाही. मग एक दिवस काशी आली.

काशी म्हणजे बिरूबाची धाकटी. बिरूबा धनगर, गावाच्या कडेला घर, मेंढरं. काशी बारावी झालेली, सकाळी बापासोबत मेंढरं काढायची आणि दुपारी गावात यायची. उंच, काटक पोरगी, चालायला लागली की सोबतच्या बाया मागं पडायच्या. तिनं फळीवरचा डबा बघितला, पहिलं कव्हर हातात घेऊन बराच वेळ धरलं आणि म्हणाली, "ही पळती व्हय, तात्या?"

"पळत आसंल. मी बघत न्हाय."

सीडी नेली, दुसऱ्या दिवशी आणून दिली. मी विचारलं, झोप लागली का. तिनं कव्हर सुलटं लावलं आणि दुसरी सीडी घेऊन गेली. तिचं बघून मग बाकीचे नेऊ लागले.

मी बघितलं नाही तरी गिऱ्हाइकांच्या तोंडून मला सगळं पाठ झालं. कुठल्याशा थंड मुलखात एक पंधरा-सोळा वर्षांची पोर. आई नाही, बाप बस चालवतो. एका वादळात तिच्या अंगावर वीज पडते आणि मरायच्या ऐवजी तिला वाऱ्यासारखं पळता येऊ लागतं. दिवसा शाळा, अंधार पडला की पलंगाखालून लाल बूट काढायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि बुडणाऱ्याला, जळणाऱ्याला वाचवायला जायचं. बापाला यातलं काही माहीत नाही. बापाला असल्या फडकंवाल्या लोकांचा राग, कारण त्यांच्याच भानगडीत त्याची बायको गेलेली. पोरगी रोज सांगायचं ठरवते आणि रोज राहतं. हे सगळं हिंदीत. आमच्या भागात हिंदीची कुणाला अडचण नाही, निजाम गेला तरी भाषा ठेवून गेला.

मतं एकापेक्षा एक. शेजारच्या सलूनचा दत्तू म्हणाला, "गाणं न्हाय, तात्या. येवढी पळती, पन एक गाणं न्हाय." रज्जाकभाई टेलर म्हणाले, "इतनी उडी मारती, बाहीची शिवण एकदा बी उसवत न्हाय. आसा धागा मला हुडकून द्या, बाकी सीडी तुमची तुमाला." बार्शी गाडीचा कंडक्टर फक्त रस्ते बघायचा. म्हणायचा, "आपल्या रोडला पळून दाखव म्हनावं. भूम गावापतूर जाऊ दे, बूट ऱ्हायला तर बोल." आमच्या घरातून मत आलं की त्या मुलखात दिवसासुद्धा दिवा लावून बसतात, बिल कोण भरतं? पण झोप कुणालाच लागली नव्हती. सात कव्हरं ओळीनं सुलटी. मी सोलापूरला फोन करून मुद्दाम आणखी माल मागितला, नको असताना.

काशी मात्र स्वतःचं मत सांगायची नाही. बापाचं सांगायची. "आबा म्हनत्यात, त्या पोरीनं पयल्याच दिशी सांगायला पायजे व्हतं." दुसऱ्या खेपेला, "आबा म्हनत्यात, बाप वाईट न्हाय, भ्यालेला हाय."

मी म्हटलं, "बिरूबा बघतो व्हय टीव्ही?"

"बघत न्हायती. आयकत्यात."

तेव्हा तिनं सांगितलं. बिरूबाचा थोरला, म्हादू, एक दिवस सकाळी न सांगता पुण्याला कंपनीत कामाला निघून गेला होता. गेला तो गेला. नंतर त्यानं ओळखीच्या माणसाबरोबर घरी टीव्ही आणि मशिन पाठवली. बिरूबानं ती परत पाठवली नाही आणि तिच्याकडं बघितलंही नाही. पोराशी फोनवरसुद्धा बोलणं नाही. घरात टीव्ही लागला की तो बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा, दाराकडं पाठ करून, चातीवर लोकर कातत. धनगराच्या हातातली चाती म्हणजे सूत काढायची टकळी, बोलता बोलता फिरतच असते.

"पन चाती थांबली की मला कळतं," काशी म्हणाली. "आबा आयकायलेत."

मी म्हटलं, "ते काय बी आसू दे. मत द्यायचं तर बिरूबाला हितं पाठव. तुझ्या तोंडून आलेलं मी धरनार न्हाय."

"ते येनार न्हायती."

"मग न्हाय धरनार."

आता जे खरं होतं ते सांगतो. माझ्या शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटरवर फॉर्म भरून देणारा एक जण बसायचा. तिथं काशीनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता. मी तिला फोटो चिकटवताना बघितलं. तिलाही कळलं की मी बघितलं. ती दारात आली.

"तात्या, आबाला बोलू नका."

"मी गिऱ्हाइकाला शिनेमाचा शेवट सांगत न्हाय, तुझं कशाला सांगू?"

"ग्राउंडची, पळायच्या परीक्षेची, तारीख आली की सांगनार हाय मी. म्हादूदादावानी न सांगता न्हाय जायाची. मी बी तसंच केलं तर आबा..." पुढचं मला ठाऊकच होतं. एका पोराचं नाव घरात घ्यायचं बंद झालं होतं, दुसऱ्याचंही झालं असतं, आणि मग त्या ओट्यावर म्हातारा आणि चाती, एवढंच राहिलं असतं. आणि सांगावं तर बाप नाही म्हणेल. नाही म्हटल्यावर जाता येत नाही. न विचारता गेलं तर परत येता येत नाही. पोरगी अशी दोन्हीकडून अडकली होती. कुर्डुवाडी रोडला पहाटे पळायची, मेंढरं सोडायच्या आधी घरी पोचायची, आणि संध्याकाळी माझ्याकडून दुसऱ्या एका पोरीची पळापळ घेऊन जायची.

मग आठवी सीडी.

ती आधी दत्तूनं नेली, कारण काशी चार दिवस मेंढरांमागं लांब होती. दुसऱ्या दिवशी दत्तू वस्तरा हातात घेऊनच आला.

"तात्या, ह्यात हिंदी न्हाय! सगळे इंग्लिश बोलायलेत!"

मी पुसून दिली. त्यानं काय होणार? सोलापूरला फोन केला तर व्यापारी म्हणाला, "शेवटच्या सीडीला हिंदी नाहीच आली तात्या, डब्यावर बारीक अक्षरात छापलंय." बारीक अक्षर वाचायला मोठी शाळा लागते, मी त्याला एवढंच म्हटलं. त्यापुढं जे म्हटलं ते अंकात छापता येणार नाही.

शेवट असा होता. हे मी पाच-सहा जणांकडून ऐकलंय आणि दिसलेल्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. बापाला पलंगाखाली लाल बूट सापडतात. तो बूट घेऊन खूप वेळ नुसता उभा. मग दार उघडतो, बाहेर बर्फ पडतंय, तो बूट पायरीवर ठेवतो, बुटांची तोंडं रस्त्याकडं. आत येतो, पोरीला दोन वाक्यं बोलतो. पोरगी रडते, बाहेर जाते, बूट घालते. बाप दार लावतो. पोरगी पळत जाते. खलास.

दोन वाक्यं काय बोलला ते परंड्यात कुणालाच कळलं नाही.

दत्तू म्हणाला, हाकलून दिली. रज्जाकभाई म्हणाले, "हकालायचं आसतं तर बूट आगीत टाकले आसते. इजाजत दिली." दत्तू म्हणाला, मग दार कशाला लावलं? कंडक्टर म्हणाला, दोघंही चुकता, पोरगी रडत होती म्हणजे बापाला काहीतरी आजार झालाय. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली माणसं वाद घालायला माझ्या दारात यायची. दत्तूनं रागारागात आठव्या सीडीचं कव्हर उलटं लावलं. मी म्हटलं, झोप लागली का? म्हणाला, "झोप न्हाय लागली, पन फसवलं. बापानं पोर हाकलली आन् संपवलं. आसला शेवट उलटाच."

काशी आली तेव्हा हे रणकंदन चालू होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. लोक पांगल्यावर म्हणाली, "तात्या, तुमी सांगा. हाकललं का?"

"मी बघत न्हाय."

"येकडाव बघा की. परवा ग्राउंड हाय माझं."

मी नाही म्हणालो. माझी पद्धत एकासाठी मोडली की पद्धत राहत नाही. आणि बघून तरी मला काय कळणार होतं? तिनं आठवी सीडी घेतली, उलट्या कव्हराकडं एकदा बघितलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली असताना बिरूबा दुकानात आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली सीडी. इतक्या वर्षांत तो दुकानाची पायरी चढला नव्हता. आत आला आणि फळीकडं बघत उभा राहिला.

"तात्या, हे कुनी उलटं लावलं?"

"दत्तूनं. बसा की, बिरूबा."

"बसायला न्हाय आलो. तुमचा कायदा म्हनं, ज्याचं मत त्यानं यायचं. आलो. बलवा त्याला."

दत्तू गिऱ्हाईक तसंच ठेवून आला. फेसासकट ते गिऱ्हाईकही मागं आलं.

बिरूबा म्हणाला, "तू म्हनतूस बापानं पोर हाकलली?"

"व्हय, मामा. बूट भाईर ठिवले. दार लावलं. आजून काय करायचं ऱ्हायलं?"

"पायताणाची तोंडं कुठं व्हती?"

"रस्त्याकडं."

"फेकलं का ठिवलं?"

"ठिवलं."

"तुझ्या घरी पावना जाया निघाला, तर त्याचं पायताण कसं करून ठिवत्यात?"

आमच्याकडं मानाचा पाहुणा निघाला की घरातलं कुणीतरी आधी बाहेर जातं आणि त्याची पायताणं सुलटी करून ठेवतं, तोंडं वाटेकडं, म्हणजे त्याला वळावं लागू नये. हे कुणी शिकवत नाही, लहानपणापासून हातानं होतं.

"आन् दार?" दत्तूनं शेवटचं काढलं.

"बर्फ पडतंय तिथं! मेंढरं गेली तरी वाडग्याचं दार लावतोच की मी. दार लावलं म्हंजी काय मेंढरं परत घेनार न्हाय?"

फेसवालं गिऱ्हाईक हसलं. मी म्हटलं, "पन बिरूबा, त्यो बोलला काय, ते कुनालाच कळलं न्हाय."

"बोलून सांगायचं आसतं, तर पायताण कशाला उचललं आसतं?"

मग तो जे बोलला ते दत्तूला उद्देशून नव्हतं. "म्या आयकतच व्हतो सगळं. पाठीमागनं. काल कायबी कळंना, नुसती इंग्लिश गडबड. मग वळून बगितलं. म्या वळलो, तवा त्यो बाप पायताण घेऊन हुबा. लई उशीर केला त्यानं. आठ सीड्या लागत्यात व्हय येवढ्याला?"

मी विचारलं, "काशी काय म्हनली?"

"ती रडायली. तिला वाटलं हाकललं." बिरूबानं काठी या हातातून त्या हातात घेतली. "तात्या, मला काय कळत न्हाय व्हय? पावसाळ्यापासनं बघतोय, कुर्डुवाडीच्या रोडला पहाटंचा कॅनव्हासचा ठसा. धनगराला ठसा वळखायला शिकवतीया पोरगी. वाट बघत व्हतो, सांगंल आज, सांगंल उद्या. माझं थोरलं गेलं तवा पायताण त्यानं आपलं आपनच हुडकलं, अंधारात. आता हिला तरी..."

दत्तू खाली बघत म्हणाला, "कबूल, मामा. फिरवा तुमीच."

बिरूबानं सीडी माझ्यापुढं ठेवली आणि कव्हर हातात घेतलं. त्याला वर-खाली कळेना, कारण त्या कव्हरवर पोरगी नव्हती, नुसते लाल बूट होते. मी सांगितलं नाही. त्यानं बूट बघितले, तळवे खाली केले आणि सुलटं लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो तेव्हा बार्शीची पहिली गाडी लागलेली होती. ग्राउंड जिल्ह्याच्या गावी होतं, तेव्हा त्याला उस्मानाबाद म्हणायचे, आता धाराशिव. बार्शीला उतरून पुढची गाडी धरायची. काशी चपलेवर उभी होती, हातात पिशवी. बिरूबा मागून आला. घोंगडीच्या आत त्यानं काहीतरी धरलं होतं. गाडीच्या दारापाशी वाकला आणि तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट खाली ठेवले, तोंडं गाडीकडं. दोघं एक अक्षर बोलली नाहीत. तिनं तिथंच बसून बूट घातले, चपला पिशवीत टाकायला गेली, तर बिरूबानं त्या तिच्या हातातून घेतल्या आणि काखेत मारल्या. कंडक्टर आमचाच होता. त्यानं एरवीपेक्षा जरा उशिरा बेल मारली.

त्या खेपेला तिचं झालं नाही. पळण्यात पहिली आली, गोळा कमी पडला. पुढच्या भरतीला झालं. मधल्या काळात बिरूबा रोज संध्याकाळी तिला एक दगड लांब फेकायला लावायचा आणि स्वतः तो परत आणून द्यायचा. म्हादूही नंतर एका दिवाळीला घरी आला. निघताना त्याची पायताणं कुणी सुलटी केली होती, हे मी बघितलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

माझा धंदा त्यानंतर फार दिवस टिकला नाही. आधी डिश आली, मग फोन. लोक आता झोप लागली तरी सांगायला येत नाहीत, अंगठा दाबतात. कुणाचा अंगठा, माणूस खरोखर जागा होता का, कुणाला माहीत. फळी मात्र मी काढू दिलेली नाही. मुलगा म्हणतो, तिथं चार्जर लावू. मी म्हणतो, माझ्या मागं लाव.

बिरूबा गेल्या वर्षी गेला, म्हणून हे लिहायला हरकत नाही. काशीला विचारून लिहितोय. बिरूबाचे दिवस घातल्यावर ती दुकानात आली होती, आता अंगावर खाकी असते, पण हाक तीच, तात्या. बराच वेळ फळीकडं बघत बसली. मग म्हणाली, "तात्या, त्या शेवटाचं हिंदी आलंय आता. फोनवर. तीन-चार वर्षं झाली मला सापडून."

"बरं मग?"

"दत्तूमामाचं बरोबर व्हतं. बाप म्हनतो, हे घाल आन् पुन्हा ह्या घरात पाय टाकू नको."

रस्त्यावरून बार्शीची गाडी गेली.

"आबाला सांगितलंस?"

"आबा ओट्यावरच व्हते. दाराकडं पाठ करून. ते वाक्य आलं तसा मी आवाज बंद केला."

"आयकलं आसंल का त्यांनी?"

"चाती चालूच व्हती," ती म्हणाली.

दत्तूला हे या अंकातूनच कळणार. त्यानं धावत यायचं कारण नाही. त्यानं चारचौघांत कबूल केलं होतं, आणि कव्हर त्याच्या हातचं राहिलेलं नाही.

निघताना काशीनं विचारलं, "मग आता उलटं लावायचं का, तात्या?"

मी म्हटलं, "माझा कायदा तुला ठावं हाय. ज्यानं लावलं, त्यानंच येऊन फिरवायचं."

ती उठली. तिचे बूट दारात होते, पोलिसाचे, काळे. मी खुर्चीतून वाकलो आणि ते सुलटे करून ठेवले. फळीवर आठही कव्हरं आहेत तशी आहेत. शेवटचं सुलटंच आहे.